पाचवा डबा

निळा दिवा पाहिला की मला आजही मळमळतं. पोलिसांच्या गाडीचा असो, चार्जरचा असो, कुणाच्या लग्नातल्या रोषणाईचा असो. बायको म्हणते पित्त आहे, ओवा खा. ओव्याने जाणारी ही गोष्ट असती तर मी आजवर ओव्याची चार शेतं चावून संपवली असती. ही मळमळ जुन्या रिसीव्हरची आहे. रिसीव्हर म्हणजे टीव्हीखाली ठेवायचं ते काळं धूड. त्याला खोलीभर स्पीकर जोडले की पडद्यावरचा पाऊस आपल्या पाठीमागे पडतो आणि आपण शहाण्यासारखे वळून भिंतीकडे बघतो. असं एक धूड मी विशीच्या आत, स्वतःच्या अकलेने, कुणाचं न ऐकता, सेकंडहँड निवडून घरी आणलं होतं. त्या अकलेची मला अजून किळस येते, आणि ती एकदा लिहून टाकल्याशिवाय मला पुढची वर्षं सांगायला सुचणार नाही.

आम्ही नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला राहायचो, डांबरी रस्ता सोडून आत, फुलांच्या मळ्यात. झेंडू, शेवंती, निशिगंध आणि बांधाला घरापुरती वांगी. माझे वडील, ज्यांना आम्हीच काय आख्खं गाव अण्णा म्हणायचं, फुलं पिकवायचे, पण त्यांचं खरं नाव होतं सजावटीत. नवरदेवाची गाडी, लग्नाचा मांडव, सत्यनारायणाचा चौरंग, नव्या ट्रॅक्टरची पूजा, काहीही द्या, अण्णा लांब उभे राहून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "डावीकडं दोन बोटं जास्त हाय." मोजून बघावं तर दोनच बोटं. जे एका बाजूला आहे ते दुसऱ्या बाजूला नसलं की त्यांना जेवण जायचं नाही. आमच्या दाराच्या दोन्ही अंगांना दोन तुळशी होत्या, कारण एकटी तुळस त्यांना लंगडी वाटायची. मी जन्मलो तेव्हा सुईणीला त्यांनी "दुसरा कुठंय?" असं विचारलं होतं, असं माझी आत्या सांगायची. आत्या थापाडी होती, मी तिच्यावरच गेलोय, पण ही गोष्ट मी खरी मानतो.

घरात आवाजाची टंचाई नव्हती. सकाळी विहिरीवरची मोटार सुरू व्हायची ती अशी घरघरायची की खुंटीवरचे कपडे आपोआप घडी होऊन खाली पडायचे. फुलं निवडायच्या शेडच्या पत्र्यावर साळुंक्या नाचायच्या. भाकरी थापताना आईच्या बांगड्या वाजायच्या आणि काळ्या मसाल्यात वांगी पडली की माझी धाकटी बहीण शकू एका दमात नऊ वेळा शिंकायची; शेजारच्या मळ्यातले गडी त्या शिंकांवर जेवायला सुट्टी घ्यायचे. या सगळ्या गदारोळात आई मात्र शांत असायची, कारण तिच्यापर्यंत त्यातलं फारसं काही पोचतच नव्हतं. तिचा उजवा कान शकूच्या वेळच्या तापात गेला होता आणि डावाही हळूहळू त्याच्या मागोमाग निघाला होता. एका शिबिरात तिला कानाचं यंत्र मिळालं होतं. ते कानात घातलं की शिट्टी मारायचं. आईने ते दोन दिवस घातलं, तिसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकलं आणि झाकण घट्ट लावलं. तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड नीट उघडून बोलावं लागे. आम्हा तिघांना घाई असायची. कसली होती कोण जाणे, पण असायची.

रविवारी दुपारी सगळे मिळून सिनेमा बघायचे ही आमच्या घरची पद्धत. आई पडद्याकडे कमी आणि आमच्या तोंडाकडे जास्त बघायची. आम्ही हसलो की हसायची, शकूने नाक ओढलं की पदर डोळ्याला लावायची. मधेच विचारायची, "काय म्हणला तो?" आणि आमच्यातलं कुणीतरी, पडद्यावरची नजर न हलवता, सांगायचं, "काही नाही गं." आता विचार करा, अडीच तास माणसं पडद्यावर कंठशोष करतायत, आणि आईला उत्तर काय, तर काही नाही. हे लिहिताना मला आमची जी शिसारी येते ती झुरळांचीही आली नाही. झुरळांकडे मी येतोच आहे.

मग एका रविवारी शकू जेवताना म्हणाली, "आई आता विचारत नाही."

"काय विचारत नाय?" अण्णा म्हणाले.

"काय म्हणला तो, हे. दोन-तीन महिने झाले. सिनेमा लागला की फुलांचं निमित्त करून शेडात जाऊन बसते."

अण्णांनी आईकडे बघितलं. आई समोरच बसून भाकरी मोडत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला चेहऱ्यांवरून कळलं असणार, पण तिने मान वर केली नाही. त्या वर्षी दसऱ्याला झेंडूने हात दिला होता. अण्णा म्हणाले, "सिनेमाचं ते मोठं मशीन आणू. सुन्या, तुला त्यातलं कळतं ना? आवाज मोठा पायजे का चांगला पायजे, ते बघ."

"मोठा नको, चांगला नको," शकू म्हणाली. "आईला कळला पाहिजे."

एवढं एकच काम होतं. आईला माणसांचं बोलणं कळलं पाहिजे. एवढं साधं काम सोपवलेल्या माणसाने काय करावं? मी दोनशे पानी वही आणली.

आधी गेलो उस्मानचाचांकडे. भद्रकालीत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, इतकं अरुंद की चाचा आत असले की गिऱ्हाईकाने बाहेर उभं राहायचं आणि गिऱ्हाईक आत आलं की चाचांनी बाहेर. मी वही उघडून तयार. चाचांनी सोल्डरचा धूर फुंकून बाजूला केला आणि विचारलं, "ऐकणार कोण?"

"आई. तिला कमी ऐकू येतं."

"मग लिही. जुनं मशीन घेताना तीन गोष्टी. पहिली, तुझ्या डीव्हीडीची तार त्याच्या पाठीत बसते का बघ. दुसरी, प्रत्येक डब्याचा आवाज वेगळा तपास. त्यात टेस्टचं बटण असतं, फुस्स आवाज एकेका डब्यातून फिरतो, जो गप्प तो मेला. तिसरी, मधला डबा. टीव्हीखाली ठेवतात तो आडवा. सिनेमात माणसं त्याच्यातूनच बोलतात. बाकीचे चार फक्त हवा, पाऊस, घोडे, गाणीबिणी. मधल्याचा आवाज एकट्याचा वाढवता आला पाहिजे. बाकी जे काय लिहिलेलं असेल ते सब जेवणावरची बडीशेप. समझा?"

मी समझा म्हणालो आणि लिहिलं: तार, टेस्ट, मधला. वहीत एकशे नव्व्याण्णव पानं अजून कोरी होती. त्या कोऱ्या पानांनी माझा घात केला. मी कॉलेज रोडवरच्या एका मित्राकडून मासिकं आणली आणि उतरवून काढायला लागलो: सात स्पीकरची सोय, आपोआप खोली मोजणारा माईक, आणि ऐकण्याचे मोड. मोड म्हणजे काय, तर बटण दाबलं की तुमची खोली हॉल होते, पुन्हा दाबलं की स्टेडियम, मग चर्च, मग कसलासा जॅझ क्लब. मी आयुष्यात चर्चच्या आत गेलो नव्हतो आणि जॅझ हे केळीचं वाण आहे असं सांगितलं असतं तरी मानलं असतं. पण ज्या मशीनमध्ये जास्त मोड ते मशीन मोठं, हे मला इतकं पटलं होतं की मी झोपेत मोड मोजायचो. परवा माझा मुलगा असाच स्पीकरची दोन मॉडेलं मोबाइलवर शेजारी शेजारी लावून बसला होता. मी विचारलं, घरात कुणाला काय ऐकायचंय? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी तेव्हा चाचांकडे बघत असेन.

जाहिरात सापडली गंगापूर रोडच्या एका बंगल्याची. निवृत्त साहेब, घरातली दोन जुनी मशीनं विकणार होते, सोबत पाच स्पीकर आणि एक धमाका करणारा मोठा डबा. साहेबांचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं अजून नाशकात आहेत आणि स्वभावाने चांगली आहेत. अण्णा आणि मी टेम्पो घेऊन गेलो. दार उघडल्याबरोबर जो वास आला त्याचं वर्णन करायला मला तीन नाकं लागतील: एक ओल्या कुत्र्यासाठी, एक डांबराच्या गोळ्यांसाठी आणि एक कशासाठी ते मला आजही कळलेलं नाही. साहेब बनियनवर होते. एका हातात चिवड्याची वाटी, दुसऱ्यात रिमोट. चिवडा खाऊन तीच बोटं रिमोटवर, रिमोट दाबून तीच बोटं नाकाला, आणि तिथून परत चिवड्यात. मग त्यांनी तो रिमोट मोठ्या प्रेमाने माझ्या हातात दिला. तो हाताला चिकटला. खोटं सांगत नाही, सोडवायला अण्णांना दुसऱ्या बाजूने ओढावं लागलं.

टेबलावर दोन मशीनं. एक जुनं, काळं, पाच स्पीकरचं. पुढे मोजकी बटणं आणि मधल्या डब्यासाठी वेगळं गोल बटण, दिवा एकच, तोही आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. दुसरं चपटं, नवीन दिसणारं, सात स्पीकरचं, चाळीस मोडचं, आणि अंगभर निळे दिवे. ते सुरू झालं की समुद्रात बोट पेटल्यासारखं दिसायचं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मला सांगायला लाज वाटते, पण पुढे मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा मी इतका विरघळलो नाही.

अण्णांनी मात्र फुलबाजारातली रीत काढली. फुलबाजारात क्रेटच्या वर नेहमी टपोरी फुलं असतात आणि खाली चेपलेला माल. म्हणून जाणतं गिऱ्हाईक वरचा थर बघतच नाही, थेट कोपरापर्यंत हात घालतं, नाहीतर आख्खा क्रेटच पालथा करतं. अण्णांनी आधी जुनं मशीन दोन्ही हातांनी उचललं, कंबर वाकली, "हूं" म्हणाले आणि खाली ठेवलं. मग निळं मशीन एका हाताने उचललं, साहेबांच्या गालिच्यावर पालथं केलं आणि गदागदा हलवलं. आतून शेंगदाण्याचं एक साल पडलं, उदबत्तीचं टोक पडलं, आणि झुरळाचा एक पाय पडला. फक्त पाय.

"हा कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"तो आधीपासूनचाच आहे," साहेब म्हणाले.

"सुन्या, ते काळं घे. त्याच्यात माल हाय. हे पोकळ हाय, नुसता वरचा थर."

"अण्णा, हे काय कलिंगड आहे का, वजनावर घ्यायला? ह्याच्यात चाळीस मोड आहेत. हे सातचं आहे."

"डबे तर पाचच दिसत्यात."

"भविष्यासाठी," साहेब म्हणाले आणि एक घोड्यांच्या शर्यतीची सीडी लावली. घोडे माझ्या डाव्या कानातून आले, मानेमागून फिरले आणि उजवीकडून निघून गेले. अण्णा खाली वाकले. खोली चर्च झाली, घोडे चर्चमध्ये गेले. स्टेडियम झालं, घोडे स्टेडियममध्ये. मी कुठल्यातरी धुगधुगत्या विवेकाने विचारलं, "साहेब, बोलणं मधल्या डब्यातून येतं म्हणतात."

"ती जुनी पद्धत," साहेब म्हणाले, आणि 'पद्धत'मधल्या प-बरोबर चिवड्यातला एक पोह्याचा कण उडून माझ्या ओठावर बसला. "ह्याच्यात मधल्याची गरजच नाही. आवाज हवेत उभा राहतो."

मी ओठ पुसला आणि विश्वास ठेवला. एका माणसाच्या तोंडातला पोहा माझ्या तोंडावर आलेला आणि मी त्याचं म्हणणं चाचांच्या म्हणण्याच्या वर ठेवतोय. अण्णांनी मशीन आणि डबे टेम्पोत चढवले. मग एवढंच म्हणाले, "तू शिकलेला हायेस."

घरी आणून जोडलं, बटण दाबलं, निळा उजेड पडला, शकू "अय्या" म्हणाली, आणि मशीन तापायला लागलं. पाच मिनिटांनी खरपूस वास आला. आईला कान नव्हता पण नाक असं होतं की विहिरीपलीकडचं दूध उतू गेलेलं तिला कळायचं. ती स्वयंपाकघरातून आली, नाकाला पदर लावला आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात वरच्या जाळीतून पहिलं झुरळ आलं. ते मिशा हलवत उभं राहिलं, जसा घराचा कर्ता पुरुष आधी बाहेर येऊन बघतो, आणि मग त्याने आत निरोप दिला असावा. बाहेर पडलेल्या झुरळांची मोजणी करायची तर तलाठी, ग्रामसेवक आणि दोन शिक्षक लागले असते. आजे, पणजे, लेकुरवाळ्या, ज्यांना उडता येतं ते, ज्यांना येत नाही पण प्रयत्न करायचाय ते. एक माझ्या शर्टात गेलं. आई खराटा घेऊन आली आणि तिने माझ्या शर्टातल्या झुरळाला माझ्यासकट मारलं. मला वाटतं तिने माझ्यावर जरा जास्तच वेळ घालवला.

दुसऱ्या दिवशी ते धूड कॅरीबॅगमध्ये बांधून चाचांकडे नेलं. चाचांनी झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि चहा मागवला. मग म्हणाले, "बेटा, खरेदी केलंस की दत्तक घेतलंस?" आत अंड्यांच्या तपकिरी डब्या होत्या, पालीचं एक वाळलेलं पिल्लू होतं आणि सगळ्या सर्किटच्या पाट्यांवर चिकट काळं काहीतरी, ज्याला हात लावल्यावर मी तीन दिवस डाव्या हाताने जेवलो. चाचांनी ब्रश आणि स्पिरिट घेऊन दोन दिवस ते साफ केलं. परत देताना म्हणाले, "मधला नीट लाव." मी हो म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हा शनिवारी मखमलाबादभर निमंत्रणं कशी द्यायची हे चाललं होतं.

आता मांडणी. इथे अण्णांनी सूत्रं हातात घेतली, कारण चार कोपऱ्यांत चार वस्तू लावणे हे त्यांचं आयुष्य होतं. त्यांनी खोलीचा मांडव केला. दोरीने मापं घेतली, चार कोपऱ्यांत चार स्पीकर बसवले, समोरच्या भिंतीशी बरोबर मधोमध तो धमाक्याचा डबा, आणि चारी डब्यांपासून सारख्या अंतरावर आईसाठी खुर्ची, उशी टाकून. लांब उभं राहून एक डोळा मिटला. काही कमी-जास्त नव्हतं. फक्त एक आडवा डबा हातात उरला.

"हे काय?"

"मधला आहे अण्णा. साहेब म्हणाले त्याची गरज नाही."

"जोड कुठंय ह्याची?"

"एकच असतो."

अण्णांनी तो टीव्हीखाली ठेवून बघितला, वर ठेवून बघितला. दोन्ही वेळा त्यांचं तोंड वाकडं झालं. एकटा डबा त्यांना बघवेना. "हे शेडात लाव," ते म्हणाले. "फुलं ओवताना गाणी तरी ऐकू येतील कुणाला." विहिरीच्या मोटारीची जाडजूड वायर शिल्लक होती. मी ती खिडकीतून काढून, पेरूच्या झाडावरून शेडात नेली आणि डबा बांबूला टांगला. मशीनच्या मागे जिथे 'सेंटर' लिहिलं होतं तिथेच त्याचं टोक जोडलं. मशीनने मग इमानदारीने तेच केलं जे त्याला करायला सांगितलं होतं. तपासायला एक गाणं लावलं, ते चारी कोपऱ्यांत दणदणीत वाजलं. टेस्टचं बटण मी दाबलंच नाही. चाळीस मोड असलेला माणूस फुस्स आवाज कशाला ऐकेल?

रविवारी दुपारी शेजारच्या मळ्यातले वामनमामा सहकुटुंब आले. नव्या सिनेमाची डीव्हीडी होती, एकत्र कुटुंबाची, भरपूर रडारडीची. आईला खुर्चीवर बसवलं. ती चांगलं लुगडं नेसली होती, डावा कान तिने जरासा पुढे काढला होता. मी तिच्या शेजारी, रिमोट घेऊन, मोड स्टेडियम. सिनेमा सुरू झाला. वीज कडाडली, वामनमामा छपराकडे बघायला लागले. घुंगरू मागून गेले, दार डावीकडे करकरलं, व्हायोलिनांचा पूर आला. माणसं तोंड उघडत होती, मिटत होती, आणि त्यांच्या तोंडून लांब डोंगरापलीकडे कुणी गुळणी करत असावं तसा आवाज येत होता. एक अक्षर कळत नव्हतं. पण हे बोलणार कोण? मला वाटलं भारी मशीनमध्ये असंच असतं. अण्णांना वाटलं मी शिकलेला आहे. वामनमामा तर म्हणाले, "काय क्लिअर हाय रे सुन्या, पाणी पाण्यासारखं वाजतंय."

पडद्यावर एक म्हातारा खाटेवर पडला होता, भोवती सगळे उभे. ढग गडगडला, आणि तो गडगडाट जमिनीतून माझ्या पायांत चढला, इतका की मला हसू फुटलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसलो म्हणून तीही हसली. मोकळी, मोठ्याने, कारण आपला आवाज किती मोठा आहे ते तिला कळायचं नाही.

"आई," शकू तिच्यासमोर येऊन म्हणाली, "तो मेला."

आईचं हसू जागेवर थांबलं. तिने वामनमामांकडे बघितलं, त्यांच्या बायकोकडे बघितलं, जी पदराआड तोंड लपवत होती. मग उठली. "हार राहिल्यात संध्याकाळच्या लग्नाचे," म्हणाली, आणि पाठीमागचं दार लोटून शेडात गेली. उशीवर तिच्या बसण्याचा खळगा तसाच होता. मी रिमोट घेऊन त्या खळग्याकडे बघत राहिलो, आणि मला त्या चारी डब्यांची, त्या निळ्या उजेडाची आणि त्यांच्या मधोमध बसलेल्या स्वतःची ओकारी आली. तरी सिनेमा बंद केला नाही. पाहुणे होते ना.

अर्ध्या-पाऊण तासाने आई दारात उभी. एका हातात सुई, अर्धा ओवलेला निशिगंधाचा हार जमिनीला लोळतोय, आणि डोळे लाल.

"तुम्ही माणसं हाय का कोण?" ती म्हणाली. "त्या थोरल्या दिराने खोटी सही केली आणि तुम्ही त्याला टाळ्या वाजवताय?"

आम्ही खरंच त्याला टाळ्या वाजवत होतो. तो आला की चारी बाजूंनी इतकं सुंदर संगीत वाजायचं की आम्ही त्याला नायक धरला होता.

"कसली सही?" अण्णा म्हणाले.

आईला ते ऐकू गेलं नाही. ती पडद्याकडे सुई रोखून सांगत राहिली. "म्हाताऱ्याने मरताना सांगितलं म्हणे, घर धाकट्या सुनेचं. याने कागद फिरवला. आणि ती पोरगी काय म्हणते, दादा तुम्ही मला बापासारखे. बापासारखे म्हणते, आणि हा हसतो. मी असते तर तिथंच तोंडात मारली असती. घाण माणूस. आणि ती नणंद, गोड गोड बोलून दागिने काढून घेती. सगळी घाण बोलतात. एक माणूस सरळ बोलत नाय त्या घरात."

वामनमामांनी हळूच मला विचारलं, "वहिनींना कुठून कळलं?" शकूला आधी उमगलं. ती उठून धावत शेडात गेली, तिच्यामागे मी. झेंडूच्या ढिगाशेजारी आईची जागा, आणि तिच्या डाव्या कानाला लागून तो जोड नसलेला डबा बांबूला लटकत होता. त्यातून नुसती माणसं बोलत होती. ढग नाही, घुंगरू नाही, स्टेडियम नाही. स्वच्छ, कोरडी, जवळ बसल्यासारखी माणसं. धाकटी सून श्वास घेतेय ते सुद्धा कळत होतं. मी पोत्यावर बसलो. घरातला गडगडाट तिकडे लांब गावात लग्न असावं तसा वाटत होता. आई परत येऊन तिच्या जागी बसली, कान डब्याकडे करून, आणि ओवायला लागली. तिच्या तोंडावर इतकी घृणा होती त्या दिराची, नणंदेची, की मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

डबा घरात आणावा का, असं मी तिच्यासमोर जाऊन, तोंड नीट उघडून विचारलं. तिने सुईनेच नाही म्हटलं. "तिकडं तुमचा लय गोंधळ हाय."

घरात सिनेमा पुढे सरकत होता. वकील आला, काहीतरी बोलला, सगळे हादरले, थोरला दीर खुर्चीत बसला. वामनमामा चुळबुळायला लागले. अण्णा पाठीमागच्या दारात आले आणि तिथूनच, आईच्या पाठीकडे बघत, विचारलं, "अगं, वकील काय म्हणला?"

आई ओवत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग ते थांबले. त्यांच्याकडे बघून मला कळत होतं की त्यांना काय आठवतंय, कारण मलाही आमचं ते "काही नाही गं" आठवत होतं. त्यांनी चपला काढल्या, ढिगाला वळसा घालून गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर, झेंडूच्या पाकळ्यांत मांडी घालून बसले. त्यांच्यामागे शकू आली, मग वामनमामा आणि त्यांची बायको. सगळे आईच्या समोर, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एकच, आणि अण्णांनी ते मोजलं नाही.

"काय म्हणला तो?" अण्णांनी विचारलं.

आईने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग बाजूची रिकामी सुई उचलून त्यांच्या हातात दिली. "आधी दोरा ओवा," ती म्हणाली. "लग्न पाचला हाय. हात चालू ठेवा, म्हणजे सांगते."